टीम परसूट म्हणजे काय? सायकली चार, पण घड्याळ थांबतं तिसऱ्या चाकावर

ऑलिंपिकच्या क्लिप्समध्ये चार सायकलस्वार एका ओळीत, एकमेकांना जवळजवळ चिकटून पळताना तुम्ही पाहिले असतील. शर्यत चालू असते, पण शेजारी प्रतिस्पर्धी दिसतच नाही! हाच टीम परसूट.

नियम काय?

ट्रॅक २५० मीटरचा, अंतर ४ किलोमीटर, म्हणजे १६ फेऱ्या. दोन संघ ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी निघतात. बाद फेरीत एकाने दुसऱ्याला गाठलं तर शर्यत तिथेच संपते. नाहीतर वेळ बघायची, आणि तीही तिसऱ्या सायकलस्वाराची. म्हणजे चौघांपैकी एक मागे पडला तरी चालतं, दोन पडले तर नाही. सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच.

ओळीत का पळतात?

मी पूर्णा जंक्शनचं उदाहरण देतो. गाडीत इंजिन पुढे, डबे मागे. इथेही पुढचा हवा कापतो आणि मागच्यांची सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते. फरक एवढाच, की इथे इंजिन सतत बदलतं. पुढचा वळणावरच्या उतारावर वर सरकतो, बाकीचे तिघे खालून निघून जातात आणि तो खाली येऊन शेपटाला जोडला जातो.

हे का लागतं? वेग दुप्पट केला तर हवेला भेदायला आठपट ताकद लागते. एकट्याचा दम पुरणारच नाही.

वेग किती?

पॅरिस २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाने ३:४०.७३० अशी वेळ दिली. तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. मी हिशोब केला: सरासरी ताशी ६५ किलोमीटर, तेही थांबलेल्या स्थितीतून सुरुवात करून. पूर्णा ते नांदेड रेल्वेने साधारण ३० किलोमीटर आहे. या वेगाने अर्ध्या तासाच्या आत पोचाल. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात, कारण तेवढ्यातही सायकल जवळपास पावणेदोन सेंटीमीटर पुढे जाते.

चूक किती महाग पडते?

टोकियोच्या फायनलमध्ये इटलीने डेन्मार्कला फक्त ०.१६६ सेकंदाने हरवलं, म्हणजे जेमतेम ३ मीटर. इटली मागे होती. शेवटच्या फेऱ्यांत फिलिपो गान्नाने ओढून आणलं. त्याआधीच्या फेरीत मान खाली घालून पळणारा डेन्मार्कचा सायकलस्वार संघापासून सुटलेल्या ब्रिटिश खेळाडूवर मागून आदळला होता. पॅरिसच्या फायनलमध्ये ब्रिटनचा इथन हेटर शेवटाकडे सीटवरून घसरला आणि सुवर्ण ऑस्ट्रेलियाला गेलं.

आपल्याकडे काय?

दिल्लीत इंदिरा गांधी संकुलात २५० मीटरचा लाकडी ट्रॅक आहे. २०१० ची राष्ट्रकुल स्पर्धा तिथेच झाली. पुण्यात बालेवाडीलाही वेलोड्रोम आहे. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत महाराष्ट्राच्या मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे टीम स्प्रिंटमध्ये भारताकडून धावल्या. पण परभणी जिल्ह्यातल्या पोराने हौस केली तरी सराव डांबरी रस्त्यावरच. रस्त्यावर पाय तयार होतात, उतारावरची अदलाबदल मात्र ट्रॅकशिवाय शिकता येत नाही.

बघताना काय बघायचं?

पहिल्याकडे नको, तिसऱ्याकडे बघा. दुसऱ्याच्या चाकापासून त्याचं अंतर वाढायला लागलं की समजा, संघ तुटतोय. स्क्रीनवरचे आकडे ते नंतर सांगतात.