किआंतीचा तुरटपणा

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरांमधील टेकड्यांचा प्रदेश म्हणजे किआंती. तेथे पिढ्यान्‌पिढ्या अर्धेलीने शेती चाले. कुळाच्या ताटाशेजारी जी तांबडी वाइन असे ती आंबटसर आणि जिभेला आवळणारी. नुसती प्याली तर रुक्षच. पण तेलात मुरलेल्या घेवड्याबरोबर किंवा भाजलेल्या मांसाबरोबर घेतली, की तोच तुरटपणा तोंड स्वच्छ करून पुढच्या घासाची गोडी वाढवतो.

या प्रदेशाची सीमा १७१६ साली तिसऱ्या कोसिमोने राजाज्ञेने आखून दिली. पुढे १८७२ मध्ये इटलीचे माजी पंतप्रधान बॅरन रिकासोली यांनी एका प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्रात द्राक्षांचे मिश्रण सांगितले : गंध व जोम सांजोवेझेचा, मार्दव कनायोलोचे, पांढऱ्या माल्वाझियाची भर मात्र लवकर प्यावयाच्या वाइनपुरतीच. हा ‘मात्र’ लोक सोयीस्करपणे विसरले! १९६७ च्या नियमांनी तर पांढरी द्राक्षे किमान १० टक्के सक्तीची केली. वाइन पातळ झाली आणि गवताने मढवलेली गोल बुडाची बाटलीच तिच्याहून अधिक नावाजली. किआंती क्लासिको या मूळ भागाच्या वाइनमधून २००६ साली ती द्राक्षे वगळण्यात आली. बाहेरच्या स्वस्त किआंतीत थोडी अजूनही चालतात.