चाकणचा कोट आणि ‘आपला’ माणूस

चाकणचा किल्ला म्हटले, की आपल्याला फिरंगोजी नरसाळा आठवतो. १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेसमोर त्याने हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. आमच्या कुरुळीहून तो किल्ला काही किलोमीटरवर. पण त्याच कोटात फिरंगोजीच्या दोनशे वर्षे आधी एक कत्तल झाली होती. ती सहसा कोणी सांगत नाही. स्थानिक कोण आणि बाहेरचा कोण, या भांडणातून झालेली ती कत्तल. आज चाकण परिसरातल्या कारखान्यांच्या फाटकांवर हाच प्रश्न विचारला जातो, म्हणून ती सांगायला हवी.

बहमनी दरबारात दोन तट होते. एक दखनी, दुसरा आफाकी म्हणजे परदेशी. आफाकी हे इराण, अरबस्तान, मध्य आशियातून नशीब काढायला आलेले, फारसीत मुरलेले. सुलतान त्यांना मोठमोठ्या जागा देत. दखनींचे म्हणणे असे, की मुलूख आम्ही सांभाळायचा आणि हुद्दे मात्र काल गलबतातून उतरलेल्यांना!

पंधराव्या शतकाच्या मध्याला, दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या कारकिर्दीत, बसऱ्याचा खलफ हसन, म्हणजेच मलिक-उत-तुज्जार, कोकण जिंकायला निघाला. चाकण हे त्याचे ठाणे. शिर्क्यांनी त्याला सह्याद्रीच्या रानात नेऊन गाठले. तो मारला गेला. उरलेसुरले परदेशी सैनिक चाकणला परतले. इकडे दखनी सरदारांनी सुलतानाला कळवले, की हे लोक बंड करून उठले आहेत. सुलतानाने खातरजमा न करता हुकूम सोडला. दोन महिने वेढा चालला. कोट हाती येईना, तेव्हा सुलतानाच्या नावचे खोटे पत्र दाखवून आतल्यांचा विश्वास संपादला, त्यांना मेजवानी दिली आणि जेवणाच्या ताटावरच कापून काढले. जे निसटले त्यांनी सुलतानाला खरी हकिकत सांगितली. मग दखनी सरदारांना शिक्षा झाल्या. पण मेलेले काही परत आले नाहीत.

ही हकिकत फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो स्वतः इराणात जन्मलेला, म्हणजे आफाकी. त्यामुळे दखनींवरचे त्याचे दोषारोप थोडे पारखून घ्यावेत. डावलले गेल्याचे दखनींचे दुःख खोटे नव्हते.

पण दखनी तरी मूळचे कुठले? १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादेला आणली. त्यांची आणि त्यांच्या मागोमाग आलेल्यांची ही नातवंडे-पतवंडे. शंभर-सव्वाशे वर्षांत ती ‘इथली’ झाली. त्यांच्याच तटात आफ्रिकेतून आलेले हबशीही होते. चाकणच्या शिवारात नांगर धरणारा, मराठी बोलणारा कुणबी मात्र या भांडणात कुठेच नव्हता. त्याला कोणी विचारलेच नाही.

पुढे इराणातल्या गिलानहून आलेल्या महमूद गावानने दोन्ही तटांना सारख्या जागा देऊन तोल सांभाळायचा प्रयत्न केला. १४८१ साली त्याचाही बळी पुन्हा एका बनावट पत्रानेच घेतला. त्यानंतर बहमनी राज्य सावरले नाही. त्याचे पाच तुकडे झाले.

भांडण संपले नाही, नावे बदलली. निजामाच्या हैदराबादेत ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ आले. आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. उत्तरेतून आलेल्या उर्दू जाणकारांना नोकऱ्या मिळत, म्हणून मुलकी नियम झाले. पंधरा वर्षे राहिला तो मुलकी. आज महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यालाही पंधरा वर्षांचीच अट आहे. मुंबईत १९६६ साली शिवसेना स्थापन झाली, तेव्हा रोख दाक्षिणात्यांवर होता. २००८ साली मार खाल्ला तो रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांनी. अमेरिकेत १९२३ साली भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तुम्ही ‘गोरे’ नाही, तेव्हा नागरिक होऊ शकत नाही. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होता! त्याच अमेरिकेत २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही राष्ट्राची अधिकृत भाषा जाहीर झाली.

आमच्या भागात ज्याची जमीन कारखान्यांसाठी गेली, त्याच्या मुलाला तिथे काम मिळाले पाहिजे. ही मागणी रास्तच आहे. पण ‘स्थानिक’ या शब्दाचे रिंगण आकसत जाते. आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. बीड-लातूरहून आलेला मराठी मुलगाही इथे कधी कधी बाहेरचा ठरतो. प्रश्न कामाचा असेल तर उत्तर कामाच्या भाषेत द्यावे : प्रशिक्षण, पक्की नेमणूक, कंत्राटदारावर अंकुश. ते उत्तर माणसाच्या नावात किंवा बोलीत शोधू नये.

मी मराठीत कविता लिहितो. तरीही ‘तुमचे मराठी फार चांगले आहे हो!’ ही शाबासकी मला अजून मिळते. देणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण अशी शाबासकी आपण पाहुण्याला देतो, घरच्याला देत नाही. मराठी टिकावी असे वाटत असेल, तर ती शिकू पाहणाऱ्या परप्रांतीय कामगाराला दारातच उलटतपासणी नको. त्याच्या पोरांना आपल्या शाळेत बसू द्यावे. पतवंडांपर्यंत थांबायचीही गरज पडणार नाही.

आणि एक. चाकणच्या कोटात तलवारीच्या आधी पत्रे चालली होती. आज तशी पत्रे मोबाइलवर येतात. ‘हे लोक उठणार आहेत’ असा मजकूर कोणाविषयी आला, तर पुढे धाडण्याआधी खातरजमा करावी. अहमदशहाने ती केली नव्हती.