आरोपी कोण? ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि न्यायालयाची भाषा

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा दिली. अपिलात ती कमी झाली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले.

या निबंधाची भाषा असंयत ठरवून तो बाजूला सारणे सोपे आहे. (विष्णुशास्त्र्यांच्या जहाल उपहासाला मात्र वाङ्मयेतिहासाने शैलीचा मान दिला!) वस्तुतः न्यायालयापुढे एकच प्रश्न होता : अर्भक कोणी मारले? ते कोणापासून झाले, हा प्रश्न कायद्याच्या परिभाषेत बसतच नव्हता. ताराबाई तो घरच्या, भांडणाच्या मराठीत विचारतात आणि पिंजऱ्यात पुरुषाला उभे करतात. संयत भाषेत हा पालट शक्यच नव्हता, कारण ती भाषाच प्रतिपक्षाची होती. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली खरी, पण पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क त्याच कायद्याने काढून घेतला होता.

१८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पुढे १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी निबंध पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत वाङ्मयेतिहासाला त्याची जवळजवळ आठवणच नव्हती.