दहा फ्रँकची लक्ष्मणरेषा

१/ मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी प्रेमसंबंध ठेवू नयेत, हा नियम आज स्वयंसिद्ध वाटतो. मनोविश्लेषणाच्या उदयकाळी मात्र तो किती ठिसूळ होता, याची साक्ष एका पत्रात सापडते.

२/ ऑगस्ट १९०४. रशियातील रोस्तोव्हच्या सधन ज्यू कुटुंबातील १८ वर्षांची साबिना श्पीलराइन झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात दाखल झाली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते २९ वर्षांचे, विवाहित कार्ल युंग.

३/ जून १९०५ मध्ये ती रुग्णालयातून बाहेर पडली आणि झुरिक विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकू लागली. युंग यांच्याशी भेटीगाठी सुरूच राहिल्या आणि पुढे त्यांना प्रेमाचे रूप आले. हे नाते शारीरिक होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

४/ साबिनाच्या आईला एक निनावी पत्र आले. तिने युंग यांना जाब विचारला. त्यांच्या उत्तराचा आशय असा : मी फी घेतलेली नाही, म्हणून डॉक्टरच्या मर्यादा मला बांधत नाहीत, मी मर्यादेत राहावे असे वाटत असेल, तर दर भेटीस १० फ्रँक द्यावेत!

५/ मे १९०९ मध्ये साबिनाने थेट सिग्मंड फ्रॉइड यांना लिहिले. त्यांनी आरंभी युंग यांचीच बाजू घेतली. परंतु याच प्रकरणावरील पत्रव्यवहारात, जून १९०९ मध्ये, त्यांनी 'काउंटर-ट्रान्सफरन्स' हा शब्द प्रथम योजला. रुग्णाविषयी उपचारकाच्याच मनात उमटणाऱ्या भावना, असा त्याचा अर्थ.

६/ १९१५ च्या निबंधात फ्रॉइड यांनी भूमिका स्पष्ट केली. रुग्णाला वाटणारे प्रेम उपचारांच्या परिस्थितीतून जन्मते. ते डॉक्टरच्या व्यक्तिमत्त्वाचे यश नव्हे. त्याला प्रतिसाद न देण्याची जबाबदारी डॉक्टरची.

७/ साबिना स्वतः मनोविश्लेषक झाली. १९१२ च्या तिच्या विनाशप्रेरणेवरील निबंधाचा उल्लेख फ्रॉइड यांनी १९२० च्या ग्रंथात केला, तोही तळटीपेत. १९४२ मध्ये रोस्तोव्ह येथे नाझींनी तिची व तिच्या दोन्ही मुलींची हत्या केली.

८/ १९७७ मध्ये जिनिव्हातील एका तळघरात तिची रोजनिशी व पत्रे सापडली. योगायोग असा, की अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत अशिलाशी लैंगिक संबंध अनैतिक असल्याचे स्पष्ट वाक्य त्याच वर्षी आले.

९/ युंग यांनी मर्यादेचे मोल १० फ्रँक ठरवले होते. वस्तुतः ती मर्यादा पैशातून येत नाही. एकाने मन पूर्ण उघडे करायचे आणि दुसऱ्याने स्वतःचे झाकून ठेवायचे, या विषमतेतून ती येते. फी घेतली काय, न घेतली काय, ही विषमता तशीच राहते.