जन्मानंतरचे पहिले मिनिट आणि प्रशिक्षकाची घडण : शिरूर-दौंडच्या संदर्भात

नवजात अर्भकाच्या आकस्मिक उपचारांचे शिक्षण हा विषय वरकरणी केवळ वैद्यकाचा वाटतो; परंतु त्याच्या इतिहासाचा मागोवा घेतल्यास तो मूलतः अध्यापनाचा विषय असल्याचे दिसून येते. जन्मतः न रडणाऱ्या बाळास श्वास कसा द्यावा, याचे ज्ञान गेली अनेक दशके उपलब्ध आहे. त्यासाठी लागणारी साधनेही मोजकीच आहेत : कोरडे फडके, श्लेष्मा काढण्याचे साधन, हाताने दाबण्याची बॅग व चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क. ज्ञान आहे, साधने आहेत; तरीही ऐन प्रसंगी हात चालत नाही, ही या क्षेत्रातील जुनी व्यथा होय. हात चालावा म्हणून प्रतिकृतीवर सराव करून घेण्याची पद्धत आली. तथापि, हा सराव करवून घेणारा प्रशिक्षक कोण, तो कोठून येतो आणि किती वेळा येतो, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

बहुसंख्य बालके जन्मतः आपोआप श्वास घेऊ लागतात. दहांतील सुमारे एका बाळास पुसणे, पाठ चोळणे, श्वासमार्ग मोकळा करणे इतके साहाय्य लागते. शंभरांतील तीन ते सहा बाळांना बॅग व मास्कने श्वास द्यावा लागतो. त्याहून अधिक उपचारांची गरज फारच थोड्यांना भासते. परंतु या तीन ते सहा बाळांसाठी मिळणारा अवधी सुमारे एका मिनिटाचाच असतो.

या आकड्यांचा ग्रामीण संदर्भातील अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. एखाद्या आरोग्य केंद्रात महिन्यास वीस बाळंतपणे होतात असे धरल्यास वर्षाची संख्या २४० होते. त्यांतील शेकडा पाच बाळांना श्वास द्यावा लागेल असे मानले, तर असे प्रसंग वर्षातून बारा येतील. आणि केंद्रात चार परिचारिका आळीपाळीने काम करीत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्यास सरासरी तीन प्रसंग येतील. जे कौशल्य वर्षातून तीनदाच, तेही रात्री-अपरात्री आणि एकटीने वापरावयाचे, ते केवळ अनुभवाने टिकून राहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. मोठ्या शहरी रुग्णालयात अनुभव हाच गुरू होऊ शकतो. लहान केंद्रात अनुभवाची उणीव सरावानेच भरून काढावी लागते.

शिरूर व दौंड हे पुणे जिल्ह्यातील तालुके या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहेत. एकाचे मुख्य गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर घोड नदीच्या काठी, तर दुसऱ्याचे भीमेच्या काठी, लोहमार्गाच्या मोठ्या जंक्शनावर वसलेले आहे. दोन्ही तालुक्यांत बागायती ऊस आहे व जिराईत माळही आहे. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे येतात. पुण्यातील सुसज्ज नवजात कक्ष येथून साठ-पंच्याहत्तर किलोमीटरांवर आहेत. इतर आजारांत हे अंतर फार मानता येणार नाही. परंतु एका मिनिटाच्या हिशेबात ते ओलांडता न येणारे आहे. बाळ जेथे जन्मते तेथेच, त्या वेळी हजर असलेल्या व्यक्तीच्या हातून जे होईल तेच त्याच्या कामी येते.

२. सुईण आणि तिचे शिक्षण

ही हजर असलेली व्यक्ती पूर्वी सुईण असे. तिचे ज्ञान परंपरेने सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे येई. बाळ रडले नाही तर थाळी वाजविणे, वार शेकणे असे उपाय ग्रामीण भागात केले जात. ते निष्फळ असले, तरी काहीतरी तातडीने केले पाहिजे ही जाणीव त्यांत होती, हे नाकारता येत नाही.

सुईणींना शिक्षण देण्याचा संघटित प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो. १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला, तो दायांच्या शिक्षणासाठीच. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिका व सुईण यांचे शिक्षण मिळवून देण्याची व्यवस्था केली. पुढे स्वतंत्र भारतात दाई-प्रशिक्षणाच्या सरकारी योजना आल्या. त्यांचा भर मुख्यतः स्वच्छतेवर होता, आणि धनुर्वाताच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु स्वच्छता तोंडी सांगता येते. श्वास देणे तोंडी सांगून भागत नाही.

हा भेद युरोपात फार पूर्वी ओळखला गेला होता. फ्रान्समधील सुईण मादाम द्यु कुद्रे यांना पंधराव्या लुई राजाने १७५९ मध्ये राज्यभर फिरून खेड्यांतील स्त्रियांना प्रसूतिविद्या शिकविण्याची आज्ञा दिली. निरक्षर स्त्रियांना पुस्तकाने शिकविता येणार नाही हे जाणून त्यांनी कापड, चामडे व वेताची स्त्रीदेहाची प्रतिकृती आणि तिच्यासह बाळाची बाहुली तयार केली. पाव शतकाच्या भ्रमंतीत हजारो स्त्रिया त्यांच्या हाताखाली शिकल्या. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांनी ठिकठिकाणच्या शल्यवैद्यांनाही त्या प्रतिकृतीवर शिकविण्यास तयार केले, जेणेकरून आपण पुढच्या गावी गेल्यावर शिक्षण थांबू नये. प्रतिकृतीच्या आधारे प्रशिक्षक घडविण्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय.

३. वढू व ग्रामीण पुणे

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक या गावाचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे परिचित आहे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही त्यास स्थान आहे. पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात येथे ग्रामीण आरोग्याचा कार्यक्रम उभा केला. स्वतः प्रसूतितज्ज्ञ असलेल्या डॉ. कोयाजी यांनी गावातीलच माणसे निवडून त्यांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार करण्यावर भर दिला. या व अशा सेवेबद्दल त्यांना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून वढूच्या परिसरातील शिरूर व हवेली तालुक्यांच्या २२ गावांत जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची सातत्याने नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. शिक्षणाचा परिणाम बाळांच्या जगण्यावर झाला की नाही, हे मृत्यूंची नोंद असल्यावाचून सांगता येत नाही. म्हणून या नोंदीचे महत्त्व विशेष आहे.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. आशा प्रतिनिधी व त्यांचे सहकारी यांनी पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. कमी वजनाची, अकाली जन्मलेली व दूध नीट न ओढणारी अशी जोखमीची बाळे ओळखून त्यांची घरीच काळजी घेण्याची ही पद्धत होती. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले.

त्यापुढचे पाऊल गडचिरोलीत पडले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या उपचारांचे शिक्षण दिले. त्यात गुदमरलेल्या बाळास श्वास देण्याचाही समावेश होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांहून ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. या यशाचे श्रेय बहुधा औषधांना वा साधनांना दिले जाते. वस्तुतः त्याचा मोठा वाटा वारंवार केलेल्या देखरेखीस आहे. शिकविणारे लोक शिकविल्यानंतर निघून गेले नाहीत; ते गावांत पुन्हा पुन्हा येत राहिले.

४. प्रशिक्षकांची साखळी

रुग्णालयीन परंपरेत हे शिक्षण निराळ्या वाटेने आले. १९८७ मध्ये अमेरिकेत नवजात पुनरुज्जीवनाचा प्रमाणित अभ्यासक्रम सुरू झाला. भारतात राष्ट्रीय नवजात मंचाने १९९० पासून त्याचा प्रसार केला. त्याची रचना साखळीची होती : थोड्या तज्ज्ञांनी प्रशिक्षक तयार करावेत आणि त्यांनी आपापल्या रुग्णालयात इतरांना शिकवावे. देशातील १४ अध्यापन-रुग्णालयांतील याच्या परिणामांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक ठिकाणच्या दोन अध्यापकांना प्रथम शिक्षण देण्यात आले होते व त्यांनी पुढे आपल्या सहकाऱ्यांना शिकविले होते. परिणामी छाती दाबण्याचे व औषधे टोचण्याचे अनावश्यक उपाय कमी झाले, बॅग व मास्कचा वापर वाढला आणि गुदमरल्याने होणारे मृत्यू घटले; एकूण नवजात मृत्यूंत मात्र घट दिसली नाही. साखळीचे पहिले दोन दुवे मजबूत असल्यास ती किती काम करते आणि तिची मर्यादा कोठे येते, हे दोन्ही या अभ्यासावरून कळते.

पुढे ही साखळी लांबली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान व जननी सुरक्षा योजना आल्या, आणि बाळंतपणे झपाट्याने संस्थांत होऊ लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील संस्थांतील बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. पहिल्या मिनिटाची जबाबदारी अशा रीतीने सुईणीकडून परिचारिकेकडे आली. तिला तयार करण्यासाठी केंद्र शासनाने २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम हाती घेतला. दोन दिवसांचा हा अभ्यासक्रम राज्याच्या प्रशिक्षकांकडून जिल्ह्याच्या प्रशिक्षकांकडे व तेथून केंद्रातील परिचारिकेपर्यंत पोहोचावयाचा होता. शब्द अशा साखळीतून बऱ्याच अंशी शाबूत उतरतात. हाताचे कौशल्य उतरतेच असे नाही. ज्या प्रशिक्षकाने स्वतः थोडीच बाळे हाताळली आहेत, तो प्रत्येक टप्प्यावर थोडे अधिक बोलतो व थोडे कमी करवून घेतो.

५. बाहुली आणि तिच्यामागचा हात

२०१० मध्ये अमेरिकेच्या बालरोग अकादमीने अल्पसाधन प्रदेशांसाठी एक सुटसुटीत अभ्यासक्रम पुढे आणला व त्यासोबत नॉर्वेतील लेर्डाल या संस्थेची बाळाची प्रतिकृती आली. पाणी भरले की तिला खऱ्या बाळाचे वजन येते. तिला जोडलेले रबरी फुगे दाबले की नाळेची नाडी चालते, श्वास सुरू होतो किंवा रडण्याचा आवाज येतो. हे फुगे दुसऱ्या व्यक्तीच्या हाती असतात, ही गोष्ट साधी दिसली तरी निर्णायक आहे. शिकणारीने मास्क नीट बसविला व छाती उचलली, तरच बाळास ‘जिवंत’ करावयाचे; मास्क निसटत असेल तर नाडी मंद ठेवावयाची. म्हणजेच बाहुलीचा प्रामाणिकपणा प्रशिक्षकाच्या हातात असतो. दयेपोटी वा वेळेअभावी त्याने बाळास लवकर रडविले, तर शिकणारी चुकीचीच रीत घेऊन प्रसूतिकक्षात जाते, आणि तेथील बाळ कोणाच्या दयेने रडत नाही.

या अभ्यासक्रमाची एक मोठी परीक्षा मराठी सीमाभागातील बेळगाव जिल्ह्यात झाली. तेथे ५९९ प्रसूति-परिचारकांना शिक्षण दिल्यावर मृतजन्मांचे प्रमाण ३.० वरून २.३ टक्क्यांवर आले. त्यांतील ताज्या मृतजन्मांचे प्रमाण १.७ वरून ०.९ टक्के झाले. मृत म्हणून बाजूला ठेवली जाणारी काही बाळे वस्तुतः श्वासाची वाट पाहत होती, असाच याचा अर्थ होतो. नवजात मृत्युदर मात्र बदलला नाही. पुढे बेळगाव, नागपूर व केनिया येथे मिळून झालेल्या विस्तृत अभ्यासात सर्वत्र सारखी घट आढळली नाही.

या विसंगतीवर टांझानियातील हायडॉम रुग्णालयाच्या अनुभवाने प्रकाश पडतो. तेथे एका दिवसाच्या शिक्षणानंतर परिचारिकांची बाहुलीवरील कामगिरी सुधारली, पण प्रसूतिकक्षातील वर्तन बदलले नाही, असे २०१३ मध्ये नमूद झाले. त्यानंतर त्याच रुग्णालयात कामाच्या जागीच थोडा थोडा व वारंवार सराव सुरू करण्यात आला. तेव्हा पहिल्या चोवीस तासांतील मृत्यू घटले. अभ्यासक्रम तोच होता व बाहुलीही तीच होती. सराव जागेवर आला आणि तो थांबला नाही, एवढाच फरक होता.

६. उपसंहार

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, प्रशिक्षक ही पदवी एकदाच्या शिबिराने मिळू शकते, पण प्रशिक्षकपण टिकते ते सरावाच्या जागी. त्याच्याकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत. पहिली, श्वास देण्याचे कौशल्य त्याच्या स्वतःच्या हातात असले पाहिजे. दुसरी, त्याने शिकणारीची चूक होऊ द्यावी व प्रसंग संपल्यावर तिच्याकडूनच ती वदवून घ्यावी. वरिष्ठ-कनिष्ठ भेद तीव्र असलेल्या आपल्या आरोग्यव्यवस्थेत ही गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण डॉक्टरांसमोर चूक कबूल करणे परिचारिकेस सोपे नसते. तिसरी, तो पुन्हा आला पाहिजे.

शिरूर व दौंड यांसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने याचा व्यवहारी अर्थ उघड आहे. पुण्याहून वर्षातून एकदा येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा तालुक्यातीलच एखादी अनुभवी परिचारिका प्रशिक्षक म्हणून तयार करणे, तिच्या केंद्रात बाहुली कपाटात कुलूपबंद न ठेवता प्रसूतिकक्षाशेजारी ठेवणे आणि पाळी बदलताना दहा मिनिटांचा सराव नित्याचा करणे, हे मार्ग अधिक फलदायी ठरतील. द्यु कुद्रे यांनी आपल्यामागे प्रतिकृतीबरोबरच ती चालविणारी माणसे ठेवली. वढू व गडचिरोली येथे माणसे गावातच घडविली गेली. या दोन परंपरांचा मेळ घालणे हेच पुढील काम होय.

२०२० मध्ये महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे ११ बाळे पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत होती. हा आकडा देशाच्या २० या सरासरीहून बराच कमी आहे व तो समाधानास कारण आहे. परंतु उरलेल्या मृत्यूंपैकी जे पहिल्या मिनिटाच्या हाती आहेत, ते नव्या औषधाने किंवा नव्या इमारतीने टळणारे नाहीत. मध्यरात्री एकट्या असलेल्या परिचारिकेच्या हाताने मास्क योग्य रीतीने धरला की नाही, यावर ते अवलंबून आहेत. आणि तो हात तसा धरावयास तिला कोणी व किती वेळा शिकविले, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.