घडीची सायकल, मागचं कॅरिअर आणि अतिभार



यंदा महाराजांचा चातुर्मास आमच्या मंदिरात झाला आणि चौक्याच्या पाण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. चौक्याला नळाचं पाणी चालत नाही, विहिरीचंच लागतं. विहीर आमच्या घरापासून सव्वा किलोमीटरवर. पाणी तिथेच दुहेरी छन्न्यातून गाळायचं, जिवाणी त्याच विहिरीत सोडायची आणि मग पाणी घरी आणायचं. (काही घरांत सायकलवरून आणलेलं पाणी चौक्याला घेत नाहीत. आमच्या सासूबाई घेत असत, म्हणून मीही घेते. यावर वाद नको.)

माझ्याकडे २० इंची चाकांची घडीची सायकल आहे. तिसऱ्या मजल्यावर जाऊन पलंगाखाली मावते म्हणून घेतलेली. तिला मागे कॅरिअर नव्हतं. ते बसवून घ्यायला गेले आणि तीन दिवस त्यातच गुंतले. एक साधी लोखंडी चौकट बसवायची, त्यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी आधी नेहमीचं, मोठ्या सायकलचं कॅरिअर काढलं. त्याचे पाय इतके लांब की कॅरिअर चाकाच्या वर वीतभर अधांतरी राहिलं. मग त्यांनी त्याचं पुढचं टोक सीटच्या दांड्याला आवळलं. मी म्हटलं, "काका, आता घडी करून बघा." घडी करताना सीटचा दांडा नळीत खाली सरकवावा लागतो. तो आता सरकेना. काका हसले. "वहिनी, ही सायकल एक तर ओझं नेईल, नाहीतर घडी होईल. दोन्ही कसं जमणार?"

घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा कळलं की घडीच्या सायकलीच्या सगळ्या इतिहासात हाच प्रश्न आहे.

सुरुवात लष्करापासून झाली, हे वाचून मला जरा वाईटच वाटलं. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये जेरार नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने मोरेल या कारखानदाराबरोबर घडीची सायकल काढली. रस्ता असेल तिथे शिपाई सायकलवर बसणार, नसेल तिथे सायकल शिपायाच्या पाठीवर बसणार! दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या बीएसए कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी अशी सायकल हजारोंनी बनवली. मधल्या नळ्यांना बिजागऱ्या आणि हाताने पिळायचे कानाचे नट. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे सैनिक या सायकली खांद्यावर घेऊन पाण्यातून उतरले, त्याचे फोटो आहेत. बीएसए हे नाव आपल्याला लहानपणच्या एसएलआरमुळे माहीत. ती मद्रासजवळच्या अंबत्तूरच्या कारखान्यात बनायची. मूळ कंपनी मात्र बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांची, आणि नावातला 'एस. ए.' म्हणजे छोटी शस्त्रं. माझ्या मैत्रिणीची लाल एसएलआर आठवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

या सगळ्या सायकलींत सायकल हेच एक ओझं होतं. ते कसं उचलायचं, एवढाच विचार. सायकलवर ओझं ठेवण्याचा विचार नंतर आला, आणि तो आणणाऱ्या माणसाला घडीशी फारसं देणंघेणं नव्हतं.

ॲलेक्स मोल्टन हे इंग्लंडमधले इंजिनिअर. रबराच्या स्प्रिंगांचे जाणकार. १९५९ च्या मिनी गाडीचं रबरी सस्पेन्शन त्यांचंच. १९५६ मध्ये सुएझ कालव्याचा तंटा झाला, इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई आली आणि त्यांचं लक्ष सायकलीकडे गेलं. त्यांना प्रश्न पडला की चाक एवढं मोठं कशाला? मोठं चाक खड्ड्यांवरून सहज जातं हे खरं, पण सामानाची जागाही तेच खातं. चाक लहान केलं, टायरमध्ये हवा घट्ट भरली आणि धक्के सोसायला रबर घातलं, तर चाकांच्या वरची ती सगळी जागा मोकळी होते. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी १६ इंची चाकांची सायकल लोकांपुढे आणली. पुढेमागे सामान ठेवायची सोय हा तिच्या रचनेचाच भाग होता, नंतर जोडलेला तुकडा नव्हता.

हे वाचल्यावर मी पट्टी घेऊन उठले. माझ्या सायकलचं चाक टायरसकट जमिनीपासून जेमतेम ५० सेंटिमीटर भरलं. खाली उभ्या असलेल्या वॉचमनच्या २८ इंची सायकलचं ७० च्या वर. म्हणजे लहान चाकाला त्याच्या मापाचं कॅरिअर लावलं, तर तेच ओझं वीतभर खाली बसतं. ओझं जितकं खाली, तितकी सायकल कमी डुलते. डोक्यावरची घागर आणि कमरेवरची घागर यांतला फरक बायकांना सांगावा लागत नाही. काकांनी लावलेलं उंच कॅरिअर लहान चाकाचा सगळा फायदाच घालवत होतं.

मोल्टनची सायकल इतकी चालली की रॅले कंपनीला १९६५ मध्ये स्वतःची लहान चाकांची सायकल काढावी लागली. ती मागच्या पिशवीसकट, बाजारहाट करणाऱ्या बायकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली. १९६७ मध्ये रॅलेने मोल्टनचा सायकलधंदाच विकत घेतला. पुढे त्यांनी २० इंची चाकांची सायकल काढली, तिची घडीची आवृत्तीही आली. माझ्या सायकलची आजी म्हणायची तर हीच. लष्करी घडी आणि बाजाराची पिशवी इथे पहिल्यांदा एका घरात नांदली, असं मला वाटतं.

मग ब्रॉम्प्टन. लंडनमधले अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये तिचे पहिले नमुने केले. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, तेच नाव सायकलला. तिचं मागचं चाक पुढे फिरून पोटाखाली येतं. मागचं कॅरिअर घेतलं तर त्याला छोट्या चकत्या असतात. घडी केली की कॅरिअर जमिनीला टेकतं आणि अख्खी सायकल त्यावर उभी राहते, बॅगेसारखी ढकलता येते. म्हणजे चालवताना कॅरिअर सामान उचलतं आणि घडी केल्यावर सायकलला. काकांच्या प्रश्नाला रिचींनी दिलेलं उत्तर मला फार आवडलं. माझ्या सायकलला ते लागू पडत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता मुद्द्याचं. हे सगळं वाचताना व्हिएतनामचा एक फोटो समोर आला. १९५४ ची दिएन बिएन फूची लढाई. जंगलवाटांनी साध्या सायकलींवर तांदूळ नि दारूगोळा नेला जात होता, एकेका सायकलवर २०० किलो आणि त्याहूनही जास्त. त्यावर कोणी बसायचं नाही. हँडलला बांबू बांधून लांब केलेला, सीटच्या जागी दुसरा बांबू, आणि माणूस बाजूने चालत ढकलतोय. सायकल दिसतच नाही, पोतीच दिसतात. त्यामागून एक काटकुळा पाय.

तो पाय बघून मला आमचं दुकान आठवलं.

आप्पांचं किराणा दुकान होतं. आप्पा रोज स्वाध्याय करणारे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, शक्तीबाहेर ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारातही तेच पाच थोड्या वेगळ्या शब्दांत येतात. चौथ्याचं नाव अतिभारारोपण. आप्पा ते अक्षरशः पाळत. मोंढ्यातून माल घेऊन येणाऱ्या बैलगाडीवर एक पोतं जास्त दिसलं, तर गाडीवानाला खाली उतरवून ठेवायला लावत आणि दुसऱ्या खेपेचे पैसे स्वतः देत.

आणि त्याच दुकानातून एक पोरगा सायकलवर घरोघरी माल पोचवायचा. काळी मोठी सायकल, मागे जाड सळ्यांचं कॅरिअर. त्या दिवशी कॅरिअरवर ५० किलोंचं साखरेचं पोतं आडवं बांधलं होतं. मी सातवीत होते, दुकानात बसले होते. त्याच गल्लीत एका घरी तेलाचा १५ किलोंचा डबाही द्यायचा होता. मी म्हटलं, "जाता जाता हाही टाक की, परत कशाला यायचं?" तो थांबला, पण मालकाची मुलगी म्हणाली म्हणून त्याने डबा पोत्याच्या मागे, कॅरिअरच्या अगदी टोकाला सुतळीने बांधला.

ओझं मागच्या आसाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. पुलाच्या चढावर हँडल उचललं गेलं, सायकल आडवी झाली आणि पोतं त्याच्या घोट्यावर पडलं. हाड दोन जागी मोडलं.

दवाखान्याचा सगळा खर्च आप्पांनी केला. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकल्यावर, आजी ओसरीवरून एवढंच म्हणाली, "बैलाचं ओझं मोजतोस रे, पोराचं कोण मोजणार?" आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सायकलवर ३० किलोंच्या वर काही चढलं नाही. तो पोरगा बरा झाला, पण पाय थोडा वाकडाच राहिला आणि तो आमच्याकडे परत कामाला आला नाही. डबा कोणाच्या सांगण्यावरून बांधला, हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

परवा मी कायदाही काढून पाहिला. १९६५ चे ओझ्याच्या जनावरांबद्दलचे केंद्र सरकारचे नियम आहेत. पाठीवर किती लादायचं ते त्यात किलोंमध्ये दिलंय: गाढवावर ५०, तट्टावर ७०, खेचरावर २००. म्हणजे त्या दिवशी त्या पोराच्या मागे जेवढं होतं, तेवढं गाढवावर घातलं असतं तर नियम मोडला असता. टीकाकारांनी अतिभारारोपणाचा अर्थ सांगताना बैल-घोड्यांची उदाहरणं दिली, कारण त्यांच्या काळी ओझं त्यांच्यावर जायचं. सायकल आली तेव्हा बैलाच्या जागी माणूस आला, आणि आपण अतिचारांची यादी म्हणताना डोळ्यांपुढे बैलच ठेवला. गेल्या वर्षापर्यंत चौक्याचं पाणी मला एक मुलगा सायकलवरून आणून देत होता. दोन मोठे कॅन, हँडलला कळशी. मी एकदाही वजन विचारलं नव्हतं.

म्हणून यंदा पाणी मी स्वतः आणायचं ठरवलं होतं.

आता कॅरिअर शेवटी कसं बसलं ते सांगते, कोणाला उपयोगी पडलं तर बरं. २० इंची चाकाच्या मापाचं कॅरिअर मागवलं. खालचे दोन पाय मागच्या आसाजवळ मडगार्डसाठी जी भोकं असतात त्यांत, मडगार्डच्या तारेबरोबर एकाच बोल्टवर. चेनच्या बाजूचा बोल्ट लांब निघाला आणि त्याचं टोक फ्रीव्हीलवरच्या चेनला घासू लागलं. काकांनी तो कापून कानशीने सपाट केला. वरचं टोक सीटच्या दांड्याला मुळीच बांधायचं नाही. सीटखालून आसाकडे उतरणाऱ्या ज्या दोन बारीक नळ्या असतात, त्यांना रबराची पट्टी गुंडाळून दोन क्लिपा. सगळीकडे स्प्रिंगचे वायसर, नाहीतर आमच्या रस्त्यांवर आठवड्यात नट गळतात. मग पाच वेळा घडी करून पाहिली. सीट खाली गेली, हँडल पडलं, कॅरिअर कुठेही अडलं नाही. काका म्हणाले, "जमलं की दोन्ही!"

कॅन बाजूला लटकवले तर टाच लागते, कारण घडीच्या सायकलीत पायडल आणि मागचं चाक फार जवळ असतात. म्हणून प्लॅस्टिकचा क्रेट वर, बरोबर आसावर, आणि त्यात ५ लिटरचे दोन कॅन गळ्यापर्यंत भरून. अर्धवट भरलेलं पाणी वळणावर उसळतं आणि सायकल ओढतं. एका खेपेला कॅनसकट ११ किलो. कॅरिअरवर कंपनीने २५ किलो असा शिक्का मारलाय. मी त्याखाली नेलपॉलिशने १२ लिहिलं. रोज दोन खेपा होतात, अर्धा तास जास्त जातो. चौका दहाच्या आत तयार हवा, म्हणून पहाटे लवकर उठते.

काल पाऊस होता आणि पुलाजवळ चिखल. दोन्ही खेपांना सायकल हातात धरून चालत आले. महाराजांचा आहार निरंतराय झाला.