खातकुडा तोच, रीत थोडी नवी : घरच्या ओल्या कचऱ्याचं खत असं करा

भंडारा : जिल्ह्यातल्या खेड्यांना खातकुडा नवा नाही. शेण, गोठ्यातली झाडझूड, जनावरांनी उरवलेली तणस, चुलीची राखड आणि स्वयंपाकघरातलं उष्टं-खरकटं सगळं तिथंच पडायचं. उन्हाळ्यात ते बंडीनं बांधीत जायचं आणि मृगाआधी पसरलं जायचं. घरातून निघणारी जवळपास प्रत्येक वस्तू कुजणारी होती, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नव्हतं.

आता त्याच खातकुड्यात पन्नी, गुटख्याच्या पुड्या, शॅम्पूची पाकिटं, फुटलेले बल्ब, ब्लेड आणि औषधाच्या बाटल्या पडतात. खत शेतात गेलं की हे सगळं बांधीत जातं. पन्नी वर्षानुवर्षं कुजत नाही. काच आणि ब्लेड चिखलात दिसत नाहीत. रोवणीला वाकलेल्या बायांच्या हातापायाला ते लागतात. उघड्यावर टाकलेल्या पन्नीतलं उष्टं खाताना गाई-बैल पन्नीही गिळतात आणि ती त्यांच्या पोटात साठत जाते.

खातकुडा बंद करण्याची गरज नाही. दोन सवयी मात्र लावाव्या लागतात. एक, कुजणारं आणि न कुजणारं घरातच वेगळं करायचं. दुसरी, ओल्या कचऱ्यावर दरवेळी सुकं टाकायचं. एवढं केलं तर वास, माश्या, अळ्या यांची बहुतेक तक्रार संपते.

आधी कचरा वेगळा करा

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारांत वेगळा ठेवायला सांगितलं होतं. शहरात हे काम घंटागाडीसाठी करतात. खेड्यात ते आपल्याच शेतासाठी आहे. स्वयंपाकघरात ओल्याचा एक डबा, दाराशी पन्नी-कागदाची एक बोरी आणि लहान पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी काच, सेल, ब्लेड, जुन्या औषधांचा डबा, एवढी सोय पुरते.

ओल्याच्या डब्यात हे चालतं :

- भाजीची देठं, सालं, सडकी भाजी, फळांच्या साली
- चहाचा चोथा. साखर असेल तर एकदा पाण्यातून काढावा, नाहीतर मुंग्या लागतात
- अंड्याची टरफलं, हातानं चुरून
- शिळा भात, पोळीचे तुकडे थोडे-थोडे. एका जागी गोळा पडू देऊ नये
- पूजेची फुलं, हार. दोरा आणि चमकी काढून

हे टाकू नये :

- लोणचं, खारट किंवा फार तेलकट पदार्थ
- भाताची पेज, वरणाचं पाणी. ते जनावराला द्यावं किंवा झाडाच्या आळ्यात ओतावं
- पत्रावळी, द्रोण यांपैकी ज्यावर प्लास्टिकचा थर असतो त्या
- हाडं, मासोळीचे काटे. यानं कुत्री, मांजरी, मुंगूस खड्डा उकरतात. टाकायचेच असले तर झाडाजवळ फूटभर खोल पुरावेत

सुकं कुठून आणायचं

शहरातल्या माणसाला सुका कचरा शोधावा लागतो. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात तो दारात पडलेला असतो.

तणस सगळ्यात चांगली. पण चांगली तणस जनावराचा चारा आहे, ती खड्ड्यात घालू नये. पावसात भिजून काळी पडलेली, जनावरांनी पायाखाली तुडवलेली तणस घ्यावी. कोयत्यानं वीतभर तुकडे केले तर लवकर कुजते.

राईस मिलमधून निघणारं तूस ओल शोषतं आणि ढिगात हवा खेळती ठेवतं. पण त्यात वाळूसारखा सिलिका भरपूर असतो, त्यामुळे ते स्वतः फार हळू कुजतं. नुसत्या तुसावर भागवू नये. निम्मं तूस आणि निम्मा पालापाचोळा हे प्रमाण बरं.

पळस, आंबा, सीताफळ यांचा पाला चालतो. सागाची पानं मोठी आणि जाड असतात, ती चुरून टाकावीत. ज्या घरी बिड्या वळतात तिथं तेंदूपानाचे कापून उरलेले तुकडे निघतात, तेही उपयोगी. तंबाखूची भुकटी मात्र त्यात नको, ती गांडुळांना मारते.

चुलीची राखड आठवड्यातून मूठ-दोन मुठी पुरे. जास्त झाली तर खतातलं नत्र वायू होऊन उडून जातं.

सुकं का लागतं

कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कर्ब आणि १ भाग नत्र असं खाद्य मानवतं. भाजीपाल्यात पाणी आणि नत्र जास्त, तर तणशीत आणि पाल्यात कर्ब जास्त असतो. नुसता ओला कचरा साठवला की त्याचा चिखल होतो, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात. सडका वास त्यांच्यामुळे येतो. सुकं घातलं की नत्र-कर्बाचा मेळ बसतो आणि हवाही आत राहते.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे : एक टोपलं ओलं, त्यावर दोन टोपली सुकं. ओल किती हवी हे मुठीत दाबून कळतं. हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. पाणी गळलं तर सुकं वाढवावं. हातात भुगा झाला तर पाणी शिंपावं.

तीन पद्धती, जागेप्रमाणे

*सांदवाडीत जोडखड्डे.* मागं मोकळी जागा असेल तर ३ फूट लांब, ३ फूट रुंद, अडीच फूट खोल असे दोन खड्डे करावेत. विहीर, बोअरवेल यापासून किमान ५० फूट दूर आणि पाण्याच्या उताराच्या खालच्या बाजूला. तळाला बोटभर जाडीच्या काड्या, त्यावर तणशीचा वीतभर थर, त्यावर शेणकाला. एक किलो ताजं शेण १० लिटर पाण्यात कालवलं की काला तयार. मग रोज ओलं टाकून वरून सुकं झाकत जायचं. पंधरा दिवसांतून एकदा फावड्यानं खालवर करायचं. पहिला खड्डा भरला की मातीनं झाकून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातलं खत झालेलं असतं. उन्हाळ्यात अडीच-तीन महिने, थंडीत आणि पावसात तीन-चार महिने धरून चालावं.

एक अडचण या जिल्ह्यात हमखास येते. कन्हार जमिनीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, खड्डा विहिरीसारखा भरतो. अशा ठिकाणी जमिनीच्या वर बांबूच्या ताट्यांचा किंवा विटांचा चौक करावा आणि वर टिनाचं छप्पर टाकावं. बरड जमिनीत उलट, पाणी लगेच निघून जातं, म्हणून उन्हाळ्यात दर चार दिवसांनी पाणी शिंपावं लागतं.

*टाकी.* विटांची टाकी आणि तिच्या भिंतीला भोकं, ही नाडेप पद्धत विदर्भातलीच. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि त्यांच्या नावावरून ती नाडेप झाली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकीला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली माती आणि दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं. तीन-चार महिन्यांत जवळपास ३ टन खत मिळतं. थोड्या शेणात भरपूर खत, हा तिचा मोठा गुण. जनावरं कमी होत चाललेल्या गावात तो कामाचा आहे.

पण नाडेप टाकी एक-दोन दिवसांत एकदम भरायची असते. रोज डबाभर कचरा टाकायला ती नाही. म्हणून ती एका घरापेक्षा चार-सहा घरांना मिळून किंवा ग्रामपंचायतीला परवडते. घरचा कचरा जोडखड्ड्यात अर्धवट कुजवायचा आणि धान चुरून झाल्यावर उरलेल्या काडीकचऱ्याबरोबर टाकीत भरायचा, असं दोन्ही जोडता येतं. नाडेप आणि गांडूळ खताच्या टाक्या रोजगार हमीच्या कामांत घेतल्या गेल्या आहेत. गावात त्यासाठी तरतूद आहे का, हे ग्रामरोजगार सेवकाला विचारावं.

*बादली.* भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीसारख्या गावांत भाड्याच्या घरात सांदवाडी नसते. तिथं रंगाची २० लिटरची रिकामी बादली चालते. आधी ती स्वच्छ घासून घ्यावी. तळाला आणि बाजूनं खिळ्यानं भोकं पाडून ती दोन विटांवर ठेवावी, खाली ताट. तळाला ४ बोटं सुका पाला, मूठभर जुनं खत किंवा वाळलं शेण, मग रोजचं ओलं आणि त्यावर सुकं. बादली सावलीत ठेवावी. ताटात उतरलेलं पाणी रोज फेकावं, नाहीतर डास होतात. अशा दोन बादल्या आलटून-पालटून वापराव्या लागतात.

गांडूळ खतासाठी शेतातली साधी गांडुळं चालत नाहीत, कचरा खाणारी आयसेनिया जातीची आणावी लागतात. त्यांना २५ ते ३० अंश तापमान मानवतं. इथल्या मे महिन्यात ती जगवायची तर दाट सावली आणि ओलं पोतं लागतं. मिरची, लिंबाच्या साली त्यांना नकोत. नवख्यानं आधी साधा खड्डा करून हात बसवावा.

काही बिघडलं तर

वास येतो : सुकं कमी पडलं. तणस, तूस घालून खालवर करावं.

मुंग्या झाल्या : ढीग कोरडा पडला. पाणी शिंपावं.

वळवळणाऱ्या चपट्या, मळकट अळ्या दिसतात : त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. कचरा वेगानं खातात, पिकाला काही करत नाहीत. मारू नये.

इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, जाड पांढरी अळी : ती हुमणी असू शकते. ती पिकाची मुळं खाते. वेचून कोंबड्यांना टाकावी, खताबरोबर शेतात जाऊ देऊ नये.

उंदीर लागले : भात, पोळी उघडी पडते आहे. उंदरांमागे साप येतो. पावसाळ्यात ढिगात उघडा हात कधीच घालू नये. फावडं किंवा काठी वापरावी, अंधारात खड्ड्याकडे जाऊ नये. ही गोष्ट घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावी.

टमाटर, भोपळ्याची रोपं उगवतात : लहान खड्ड्यात उष्णता फार वाढत नाही, म्हणून बी मरत नाही. उपटून परत आत टाकावीत. रोगट झाडं मात्र अशा खड्ड्यात टाकू नयेत.

खत झालं हे कसं ओळखायचं

रंग गडद, हाताला भुसभुशीत आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. खात्री करायची तर ओंजळभर ओलं खत पन्नीत तीन-चार दिवस बांधून ठेवावं. उघडल्यावर सडका वास आला तर अजून मुरायचं आहे. दुसरी परीक्षा म्हणजे वाटीभर खतात मेथी पेरून पाहावी. नीट उगवली तर खत तयार. कच्चं खत झाडाला घातलं तर ते मातीतलंच नत्र ओढतं आणि पानं पिवळी पडतात.

किती मिळतं, कुठं पुरतं

एका घरातून रोज १ किलो ओला कचरा निघाला तर वर्षाला ३६५ किलो होतो. कुजून त्याचं साधारण १०० किलो खत हाती लागतं. त्यात १ टक्का नत्र धरलं तर १ किलो नत्र झालं, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो युरियाएवढं. युरियाच्या ४५ किलोच्या एका थैलीत २० किलोपेक्षा जास्त नत्र असतं. धानाच्या एकरी शेणखताची गरज ४ ते ५ टन आहे. तेव्हा घरच्या कचऱ्यावर धान पिकेल, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

सांदवाडीचा हिशेब वेगळा. दर चौरस मीटरला २ ते ३ किलो खत धरलं तर १०० किलोत साडेतीनशे ते पाचशे चौरस फूट जागा होते. वांगी, टमाटर, पालक, मेथी, दोडक्याचे वेल यांना ते वर्षभर पुरतं. नत्र थोडं असलं तरी खतातल्या सेंद्रिय कर्बामुळे माती पाणी धरून ठेवते, भुसभुशीत राहते. हे काम युरिया करत नाही. पऱ्हे टाकायच्या गादीवाफ्यातही हे खत चाळून घालता येतं.

सुरुवात कधी करावी

दिवाळीनंतर धान कापून चुरणं झालं की तणस, तूस, पाला सगळं एकदम मिळतं. तेव्हा सुरू केलेला खड्डा होळीच्या सुमारास मुरून तयार होतो आणि उन्हाळी भाजीला कामी येतो. दुसरा खड्डा मृगाआधी रिकामा करून घ्यावा आणि पावसाळ्यासाठी दोन-तीन बोऱ्या कोरडी तणस, तूस छपराखाली साठवून ठेवावं. पावसात ओलं रोज निघतं, पण सुकं कुठं मिळत नाही. बहुतेकांचे खड्डे याच दिवसांत बिघडतात आणि वास सुटला म्हणून बंद पडतात.

अधिक माहितीसाठी साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारणा करता येते.